दवाखान्याचा कागद आणि नुकसानभरपाईचा दावा

रस्त्यावर अपघात झाला की आधी माणूस वाचला पाहिजे, कागदाचे मागाहून पाहू, असे कोणीही म्हणेल आणि त्यात चूक काही नाही. परंतु आम्ही दोघी बहिणींनी भावाच्या दाव्यासाठी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात साडेचार वर्षे चकरा मारल्या, तेव्हा एक गोष्ट आमच्या ध्यानात आली. माणूस वाचविण्याची धावपळ चालू असते तेव्हाच तो कागदही लिहिला जात असतो. एका बाजूला सलाईन लागते आणि दुसऱ्या बाजूच्या टेबलावर कोणीतरी नाव, वय, पत्ता आणि 'कशाने लागले' हे विचारून टिपून घेत असतो. त्या चार ओळी लिहायला दोन मिनिटे लागतात. पुढे कोर्टात त्यांच्यावर तारखांवर तारखा पडतात.

आमचा दादा गवंडी. डिसेंबर 2017 मध्ये कामावरून सायकलने परत येताना कामठी रोडवर मागून आलेल्या मोटारीने त्याला उडविले. मांडीचे हाड मोडले, गुडघ्याची वाटी फुटली, डोक्याला मार लागून शुद्ध गेली. एका अनोळखी भल्या माणसाने त्याला ऑटोत घालून दवाखान्यात पोहोचविले. तो दवाखाना कोणता, हे येथे सांगत नाही. त्याने काही बिघडत नाही, कारण आम्ही सांगतो ते कोणत्याही दवाखान्यात घडू शकते. त्या भल्या माणसाला पोलिसांची भीती वाटली असावी. कॅज्युअल्टीत त्याने सांगितले, "सायकलवरून पडला," आणि तो निघून गेला. केस पेपरवर तेच उतरले. दादाजवळ ओळखपत्र नव्हते, म्हणून वयाच्या ठिकाणी '45, अंदाजे' असे लिहिले गेले. दादा तेव्हा 38 वर्षांचा होता. उन्हातान्हात काम करणारा माणूस आपल्या वयापेक्षा मोठाच दिसतो, त्यात लिहिणाऱ्याचा दोष आम्ही मानीत नाही.

त्या अनोळखी माणसाचेही आम्ही उपकारच मानतो. त्याने घातले नसते तर दादा रस्त्यावरच राहिला असता. येथे वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे की जखमीला दवाखान्यात पोहोचविणाऱ्याने आपले नाव-गाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2016 मध्ये याबाबतच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचे बळ दिले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच अशा मदतगारास संरक्षण आले. पोलीस केस आहे म्हणून आधी पोलीस, मग उपचार, असेही कोणत्या डॉक्टरला म्हणता येत नाही. परमानंद कटारा प्रकरणात 1989 मध्येच ते ठरून गेलेले आहे. तेव्हा 'पडला' असे खोटे सांगण्याची कोणालाच गरज नाही. ज्याला 'मोटारीने उडविले' एवढे खरे सांगता येईल त्याने ते सांगावे आणि खुशाल घरी जावे.

वहिनी रात्री साडेनऊला दवाखान्यात पोहोचल्या. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या. चार घरची धुणीभांडी करून संसार चालविणाऱ्या. पण त्यांनी त्या रात्री जे केले ते आमच्यातल्या शिकलेल्यांनाही सुचले नसते. वॉर्डात आलेल्या निवासी डॉक्टरने मोठ्याने विचारले, "पडले कसे हे?" वहिनी म्हणाल्या, "पडले नाही जी साहेब. गाडीनं उडवलं. टपरीवाल्यानं नंबर पाह्यला. तसं लिहा ना जी." डॉक्टर तरुण होता, थकलेला होता, पण त्याने ऐकले. वॉर्डाच्या कागदावर त्याने तारीख-वेळ घालून लिहिले की पत्नीच्या सांगण्याप्रमाणे मागून चारचाकीची धडक. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या पोलीस चौकीत वर्दी गेली, मेडिको-लीगल नंबर पडला, तिसऱ्या दिवशी टपरीवाल्याचा जबाब झाला आणि गुन्हा नोंदविला गेला.

पुढे विमा कंपनीच्या वकिलाने पहिला मुद्दा काढला तो हाच. पहिल्या कागदावर 'पडला' असे आहे, मोटारीचे नाव नाही, मोटार मागाहून घुसडली गेली. दादा साक्षीच्या पिंजऱ्यात कुबडी टेकून उभा होता आणि त्याला पंधरा मिनिटे हेच विचारले जात होते. त्याला बिचाऱ्याला काय आठवणार? शुद्धच नव्हती. दावा तेथेच कोसळला असता. तो उभा राहिला त्या रात्रीच्या वॉर्डातल्या दोन ओळींवर आणि पंचनाम्यातल्या वाकलेल्या मागच्या चाकावर. न्यायाधिकरणाने म्हटले की आणणारा अनोळखी होता, त्याचे सांगणे घरच्यांच्या सांगण्याहून वजनदार मानता येत नाही आणि काही तासांतच खरी हकीकत नोंदली गेली आहे. 'काही तासांतच' हे शब्द महत्त्वाचे. तीच नोंद दहा दिवसांनी झाली असती तर वकिलांनी समजावून समजावून घेतली असती, असे आम्हांस वाटते.

या दाव्यांत पुराव्याचे नियम फौजदारी खटल्याइतके कडक नसतात. दोन्हीकडच्या गोष्टींत जास्त संभवनीय कोणती, एवढेच पाहिले जाते. पण ते पाहायलाही काहीतरी लिहिलेले लागते.

आता वयाची गोष्ट. 45 आणि 38 यांत असे काय मोठे, असे आम्हांलाही आधी वाटले होते. विहाराच्या वाचनालयात बसणारे एक निवृत्त कारकून काकाजी आहेत, त्यांनी कागदावर हिशेब मांडून दाखविला, तो जसाच्या तसा देतो. सर्वोच्च न्यायालयाने 2009 च्या सरला वर्मा निकालात वयाप्रमाणे गुणक ठरवून दिले आहेत. 36 ते 40 वयाला 15, 41 ते 45 ला 14, 46 ते 50 ला 13, असे ते उतरत जातात. 2017 च्या प्रणय सेठी निकालाने भविष्यातल्या वाढीसाठी उत्पन्नात भर घालायची ठरविली. स्वतःचा धंदा करणाऱ्यास किंवा ठरावीक पगारावर असणाऱ्यास चाळिशीच्या आत 40 टक्के आणि 40 ते 50 मध्ये 25 टक्के. मृत्यूच्या दाव्यांसाठी सांगितलेली ही भर कायमच्या अपंगत्वालाही द्यावी, असे 2020 मध्ये ठरले. आता समजा एखाद्याची कमाई महिना 12,000 रुपये आहे आणि त्याची कमावण्याची शक्ती 30 टक्क्यांनी कमी झाली. वय 38 धरले तर या एका बाबीखाली 9,07,200 रुपये होतात. वय 45 धरले तर 7,56,000. माणूस तोच, पाय तोच, फरक 1,51,200 रुपयांचा. कॅज्युअल्टीतल्या 'अंदाजे' या एका शब्दाची ही किंमत.

दादाचा शाळा सोडल्याचा दाखला आईने लोखंडी पेटीत जपून ठेवला होता. तो सातवीत शाळा सोडून कामाला लागला तेव्हाचा. त्या पिवळ्या पडलेल्या कागदाने वय सिद्ध झाले. आधार कार्डावर भिस्त ठेवू नये हे आज तर अधिकच पक्के झाले आहे. हरियाणातल्या रोहतकच्या एका दाव्यात मृताचे वय दाखल्याप्रमाणे 45 आणि आधारप्रमाणे 47 येत होते. त्यावरून गुणक 14 की 13 हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ऑक्टोबर 2024 मध्ये न्यायालयाने दाखला ग्राह्य धरला. आधार हा ओळखीचा पुरावा आहे, जन्मतारखेचा नाही. ज्यांच्या घरी दाखले नसतील त्यांनी शाळेत जाऊन ते आजच काढून ठेवावेत. त्यासाठी अपघाताची वाट कशाला पाहायची?

सर्वांत जास्त बोलायचे आहे ते उपचारात पडलेल्या खंडाविषयी. गरिबाच्या दाव्याला खरी भोके येथेच पडतात.

दादाच्या मांडीत रॉड टाकला, तीन आठवड्यांनी सुट्टी झाली. डिस्चार्ज कार्डावर लिहिले होते, दर पंधरा दिवसांनी दाखविणे, फिजिओथेरपी चालू ठेवणे. मार्चपर्यंत ते झाले. पुढे नाही झाले. वस्तीतून दवाखान्यापर्यंत ऑटोचे जाण्या-येण्याचे भाडे, वहिनींच्या कामाचा खाडा, घरी दोन शाळकरी मुले, आणि कमावणारा बिछान्यावर. त्यात कोणी सांगितले म्हणून एक हाडवैद्य घरी येऊन तेल चोळून जाऊ लागला. तो नाही म्हटले तरी उधारीवर येत होता. ऑगस्टमध्ये पाय अगदीच ताठ झाला तेव्हा दादा पुन्हा ओपीडीत गेला. मधले पाच महिने कागदावर कोरे.

विमा कंपनीच्या वकिलाला हे कोरे महिने फार आवडले. त्यांचे म्हणणे सरळ होते. दुखत असते तर माणूस दवाखान्यात आला असता. आला नाही, म्हणजे बरा झाला होता. आता जे दुखते ते दुसऱ्याच कशाने तरी. आणि समजा अपघातानेच असले, तरी व्यायाम न केल्याने गुडघा ताठला, त्याचा भुर्दंड मोटारवाल्याने का द्यावा? दुसऱ्या मुद्द्यात वैद्यकीयदृष्ट्या तथ्य आहे, हे आम्ही नाकारीत नाही. मोडलेला सांधा पहिल्या काही महिन्यांत हलविला नाही तर तो आखडतो, मग कितीही केले तरी पूर्वीसारखा वाकत नाही. परंतु ज्याच्याजवळ ऑटोचे भाडे नाही त्याला 'तू व्यायामाला का आला नाहीस' असे एसी खोलीतून विचारणे सोपे आहे, एवढे म्हटल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

दादाला येथे तारले ते ऑगस्टच्या एका ओळीने. आमच्यातल्या धाकटीने ओपीडीतल्या डॉक्टरीणबाईंना विनंती केली, "मॅडम, मधे का आले नाही तेही लिहाल का?" त्यांनी लिहिले. दुखणे सतत चालू, आर्थिक अडचणीमुळे येऊ शकले नाहीत, गुडघा 60 अंशांपर्यंतच वाकतो. न्यायाधिकरणाने ती नोंद निकालात उतरविली. खंड पडू न देणे हे उत्तम, त्यात वादच नाही. पण पडलाच, तर तो का पडला हे त्याच कागदावर लिहून घ्यावे. नंतर शपथपत्रात कितीही करुण भाषेत लिहिले तरी त्याला ते वजन येत नाही, कारण शपथपत्र दाव्यासाठी लिहिलेले असते आणि ओपीडीचे कार्ड उपचारासाठी. आणखी एक. जवळ पैसा नसला तरी घराजवळच्या मनपाच्या दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवून चिठ्ठी घ्यावी. मोठ्या दवाखान्याचीच चिठ्ठी हवी असे काही नाही. तारीख हवी, त्रास काय तो लिहिलेला हवा.

सरकारी दवाखान्यात उपचार घेतले की आणखी एक अडचण येते, तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. खासगी रुग्णालयातून निघणाऱ्या माणसाच्या हातात बिलांचे बाड असते. मेडिकलमधून, मेयोमधून निघणाऱ्याच्या हातात एक कार्ड आणि दोन एक्स-रे. उपचार झाले तेच, कदाचित सरस, परंतु दाव्याच्या 'वैद्यकीय खर्च' या रकान्यात दाखवायला काही नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, शिवाय छिंदवाडा-बालाघाटकडून नागपूरला येणाऱ्या हजारो माणसांची हीच स्थिती. मग बाहेरून आणलेल्या औषधांची, कुबड्यांची, बेल्टची पावती जपावी लागते. 'कच्चे बिल नको, पक्के द्या' असे औषधवाल्यास सांगावे लागते. येण्याजाण्याचा खर्च तारखेसह वहीत लिहावा लागतो आणि त्या तारखा ओपीडी कार्डाशी जुळाव्या लागतात.

आणि बिछान्याशी बसणाऱ्या बाईचे काय? वहिनींनी सात महिने धुणीभांडी सोडली. दादाचे अंग पुसणे, भांडे देणे, कूस बदलणे, जखम धुणे हे सगळे त्यांनी केले. बाहेरची बाई ठेवली असती तर तिचा पगार खर्चात धरला गेला असता, घरच्या बाईचे काम मात्र कोणाच्या हिशेबात नाही. वास्तविक जखमीची सेवा करणाऱ्याचा खर्च ही नुकसानभरपाईतली स्वतंत्र बाब आहे. 2020 मध्ये काजल नावाच्या हरियाणातल्या एका मुलीच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने तर हा खर्चही गुणक लावून दिला. आमच्या प्रकरणात वहिनींच्या नावे वॉर्डात राहण्याचा नातेवाइकाचा पास होता, त्यावर रोजचे शिक्के होते. त्या काम करीत त्या चारपैकी दोन घरच्या बायांनी साक्ष दिली की त्या महिन्यांत त्या कामावर नव्हत्या. एक बाई म्हणाली, "मी दुसरी ठेवली होती, हिच्यासाठी जागा ठेवून." त्या साक्षीने थोडीबहुत रक्कम मिळाली. थोडीबहुतच.

आता टक्क्यांचा प्रश्न. कोर्टाच्या आवारात आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात एक जात फिरत असते. "पन्नास टक्क्यांचं सर्टिफिकेट काढून देतो, एवढे द्या." आमच्याकडेही एक जण आला होता. वहिनींनी त्याला विचारले, "पायाला हात न लावता तुले पन्नास कसे समजले?" तो गेला. बरे झाले गेला, कारण अशा कागदांनी दावा वाढत नाही, बुडतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2010 च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात अशा तयार सर्टिफिकिटांपासून सावध राहण्यास न्यायाधिकरणांना बजावले आहे. डॉक्टरने उपचार केलेले असावेत किंवा नीट तपासणी करून अपंगत्व ठरविलेले असावे, आणि त्याने साक्षीस यावे. शंका असेल तर वैद्यकीय मंडळाकडे पाठवावे.

हा निकाल प्रत्येक जखमीच्या घरच्यांनी समजून घेण्याजोगा आहे. त्यातला माणूस चीज विकणारा. डाव्या पायाची दोन्ही हाडे मोडली, डाव्या हाताचेही एक मोडले. उपचार दिल्लीच्या सरकारी रुग्णालयात, आणि 45 टक्क्यांचे सर्टिफिकेट गाझियाबाद जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळाचे. उपचार एकीकडे आणि सर्टिफिकेट दुसरीकडे कसे, असा संशय उच्च न्यायालयाने घेतला. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तो राहणाराच तिकडचा, पुढचे उपचार त्याने घराजवळ घेतले असतील, आणि मंडळात अस्थिरोगतज्ज्ञही होता. नागपुरात ऑपरेशन होऊन गोंदियाला परतणाऱ्याच्या हे कामाचे आहे. परंतु त्याच निकालात पुढे असेही आहे की पायाचे 45 टक्के म्हणजे कमाईचे 45 टक्के नव्हेत. त्याच्या बाबतीत कमाईची हानी 20 टक्केच धरली गेली. डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची जवळजवळ सगळी कमाई जाते. सरकारी कचेरीतल्या कारकुनाची कदाचित काहीच जात नाही. तेव्हा किती टक्के यापेक्षा हा माणूस आधी काय करीत होता आणि आता काय करू शकतो, हा खरा प्रश्न.

दादाच्या पायाचे सर्टिफिकेट 38 टक्क्यांचे होते. विरुद्ध पक्षाचे म्हणणे, सबंध शरीराचे धरले तर हे निम्म्यावर येते. आमच्या वकीलसाहेबांनी डॉक्टरांना तीनच प्रश्न विचारले. हा माणूस उकिडवा बसू शकतो का? डोक्यावर घमेले घेऊन जिना चढू शकतो का? परांचीवर उभा राहू शकतो का? तिन्हींना उत्तर 'नाही'. न्यायाधिकरणाने कमाईची हानी 35 टक्के धरली. त्या उत्तरांना बळ होते ते केस पेपरवर दादाचा धंदा 'गवंडी' असा स्पष्ट लिहिलेला होता म्हणून. पुष्कळदा तेथे 'मजूर' किंवा 'काही नाही' असे ठोकून देतात. धंदा आणि काम नीट सांगावे.

ज्या डॉक्टरने ऑपरेशन केले होते तो तोवर दुसऱ्या गावी गेला होता. त्याच विभागातले दुसरे डॉक्टर नोंदी घेऊन आले. डॉक्टर साक्षीला यायला कंटाळतात हे खरे आहे, आणि त्यांचाही अगदीच दोष नाही. रुग्ण सोडून दिवसभर बाकावर बसायला कोणाला आवडेल? म्हणून राजकुमार निकालातच सांगितले आहे की डॉक्टरांना ताटकळत ठेवू नये, वेळ ठरवून द्यावी, लागल्यास कमिशन पाठवून साक्ष नोंदवावी. वकिलाने तसा अर्ज द्यायचा असतो.

नोंदींच्या नकला मिळविण्यासाठी मात्र कोर्टाची वाट पाहू नये. मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्ये रहेजा प्रकरणात ठरविले की रुग्णाने किंवा जवळच्या नातेवाइकाने मागितल्यास आणि शुल्क भरल्यास केस पेपरच्या नकला दिल्याच पाहिजेत, गुप्ततेचे कारण रुग्णालाच सांगता येत नाही. 2002 च्या वैद्यकीय परिषदेच्या नियमांप्रमाणे मागणी झाल्यावर 72 तासांत नोंदी द्यायच्या असतात, आणि भरती रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवायच्या असतात. हे तीन वर्षांचे गणित ध्यानात घ्यावे. दावा पाच वर्षे चालला आणि नकला घेतलेल्या नसल्या तर रेकॉर्ड सेक्शनमध्ये जाऊन काय मिळेल याचा भरवसा नाही. डिस्चार्ज कार्ड तेवढे पुरे, असे समजू नये. ऑपरेशनच्या नोंदी, रोजच्या वॉर्डातल्या नोंदी, एक्स-रेचे अहवाल, मेडिको-लीगल नंबर, सगळे मागावे. एक्स-रेची फिल्म उन्हात ठेवू नये. झेरॉक्सची शाई पुसट होते, तेव्हा दोन प्रती काढाव्यात आणि आज मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवावा.

दावा करण्याच्या मुदतीबाबत आता नियम कडक झाला आहे. दादाच्या वेळी मुदतीची अट नव्हती, 1994 मध्ये ती काढून टाकलेली होती. 1 एप्रिल 2022 पासून अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करावा असे कायद्यात आले आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले आहे, परंतु आपण सहा महिने हेच धरून चालावे. पाय बरा होऊ द्या, मग पाहू, असे म्हणू नये. उपचार चालू असतानाही दावा दाखल होतो, पुढची कागदपत्रे नंतर जोडता येतात. अपघात परगावी झाला असला तरी आपण राहतो तेथल्या न्यायाधिकरणात दावा करता येतो. मोटार पळून गेली आणि नंबर मिळालाच नाही, तर त्यासाठी वेगळी योजना आहे. 2022 पासून तीत मृत्यूस 2 लाख आणि गंभीर दुखापतीस 50,000 रुपये आहेत, आणि तेथेही दुखापत गंभीर आहे हे दवाखान्याचाच कागद सांगतो. मे 2025 पासून रस्त्यावरच्या अपघातातल्या जखमीस नियुक्त रुग्णालयात सात दिवसांपर्यंत आणि दीड लाखापर्यंत रोख न भरता उपचाराची केंद्र सरकारची योजनाही लागू झाली आहे. भरती करतानाच तिची चौकशी करावी.

दादाचा निकाल 2022 च्या पावसाळ्यात लागला. रकमेचा मोठा भाग मुदतठेवीत ठेवून बाकीचा हाती दिला गेला. रॉड काढण्याचा खर्चही धरला होता, कारण डॉक्टरांनी अंदाज लेटरपॅडवर लिहून दिला होता, तोंडी सांगितलेल्या खर्चाला कोणी विचारले नसते. पुढच्या वर्षी रॉड निघाला. दादा आता एका ठेकेदाराकडे रेती-सिमेंटचा हिशेब पाहतो. मजुरी पूर्वीच्या निम्मी आहे. बोलता बोलता कधी थापी हातात घेतो, मग ठेवून देतो.

राहता राहिला वकिलाचा खर्च. पुष्कळ घरे याच भीतीने दाव्याच्या वाटेला जात नाहीत, किंवा मिळेल त्यातला तिसरा हिस्सा कबूल करून बसतात. 1987 च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीस, स्त्रियांना, मुलांना आणि अपंगांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीने बौद्धांचाही अनुसूचित जातींत समावेश झालेला आहे, तेव्हा जातीच्या दाखल्यावर हा हक्क मिळतो. घरातल्या बाईच्या नावे अर्ज असेल तर त्या दाखल्याचीही गरज नाही. नागपुरात जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. राष्ट्रीय हेल्पलाईनचा नंबर 15100. अर्ज साध्या कागदावर चालतो. जाताना गुन्ह्याच्या नोंदीची प्रत, दवाखान्याचे असतील नसतील ते सगळे कागद तारखेप्रमाणे लावून, आणि शाळेचा दाखला एवढे बरोबर न्यावे.